वरचा बिंदू: तार की मंद्र?

स्वराच्या डोक्यावर एक बिंदू द्या. भातखंडे पद्धतीत तो स्वर तार सप्तकात गेला. पलुस्कर पद्धतीत तोच स्वर मंद्रात उतरला. कागद तोच, 'सा' तोच, बिंदू तोच. दोन वाचनांत मात्र दोन सप्तकांचं अंतर, कंपनसंख्येत थेट चौपटीचं.

आता बिंदूच्या जागी उभी रेघ काढा. पलुस्करांकडे ती तार सप्तकाची खूण. भातखंड्यांकडे तीच रेघ मध्यमावर आली की मध्यम तीव्र झाला. शून्य घ्या. भातखंड्यांकडे ती तालाची खाली. पलुस्करांकडे स्वराखालचं शून्य म्हणजे अर्धी मात्रा. समेला एकीकडे फुली, दुसरीकडे १ हा आकडा.

दोघेही विष्णू, दोघेही मराठी. भातखंडे १८६० चे, पलुस्कर १८७२ चे. दोघांनी आयुष्य एकाच कामाला वाहिलं: बुवा-उस्तादांच्या गळ्यात आणि घराण्यांच्या कुलपात अडकलेलं गाणं कागदावर यावं आणि ज्याला हवं त्याला शिकता यावं. या दोघांपुढे मी हात जोडतो. आणि हात जोडूनच म्हणतो, की दोघांच्या खुणा एकमेकींशी जुळलेल्या नसणं हा आपल्या संगीतशिक्षणाचा शंभर वर्षांचा तोटा आहे.

ग्वाल्हेरला हा तोटा दुप्पट लागतो, कारण दोन्ही धागे इथेच येऊन मिळतात. पलुस्करांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. ते ग्वाल्हेरची गायकी वासुदेवबुवा जोशांकडून शिकले आणि ती त्यांनी महाराष्ट्रात नेली. ते गाणं घेऊन पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. इकडे माधवराव शिंद्यांनी १९१८ साली ग्वाल्हेरात संगीताची शाळा काढली ती भातखंड्यांच्या आखणीनुसार. तिचंच पुढे माधव संगीत महाविद्यालय झालं. राजाभैया पूछवाल्यांसारखे इथले गवई भातखंड्यांकडून ती पद्धती शिकून आले आणि त्यांनी ती या शहरात रुजवली. म्हणजे ग्वाल्हेरचीच बंदिश लाहोरमार्गे एका लिपीत गेली आणि ग्वाल्हेरच्याच लष्कर भागात दुसऱ्या लिपीत बसली. पलुस्कर पद्धतीत तयार झालेल्या मुलीपुढे भातखंड्यांची क्रमिक पुस्तकमालिका ठेवा. तिला बहुतेक चिन्हं ओळखीचीच वाटतील. धोका नेमका तिथे आहे. अनोळखी खुणेपाशी माणूस थांबतो आणि विचारतो. ओळखीच्या खुणेपाशी तो थांबतच नाही.

हे सगळं मी संगीताच्या विद्यार्थ्यांइतकंच मोरेना लिंक रोडवरच्या ट्रिपल आयटीएमच्या आणि गोला का मंदिरजवळच्या माधव इन्स्टिट्यूटच्या मुलांसाठी लिहितो आहे. त्यांना वाटतं की प्रोग्रॅमिंगमधली अवघड गोष्ट म्हणजे अल्गोरिदम. अल्गोरिदम पुस्तकात सापडतो. अवघड आहे ते नाव ठेवणं, आणि ठेवलेल्या नावाशी शेवटपर्यंत इमान राखणं.

संगणकाशी संबंध नसलेल्या वाचकासाठी दोन वाक्यं. लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. त्यातलं हवं ते काम त्याच्या नावानं हाक मारून करून घ्यायचं. कोणत्या नावानं हाक मारायची, सोबत काय द्यायचं, कुठल्या क्रमानं द्यायचं आणि परत काय मिळणार, या कराराला इंटरफेस म्हणतात. आत काय चाललंय ते हाक मारणाऱ्याला दिसत नाही. त्याच्या हाती फक्त नाव असतं. म्हणून नाव चुकलं की सगळं चुकतं.

वरच्या बिंदूचा संगणकातला सख्खा भाऊ पाहायचा असेल तर जावास्क्रिप्टची तारीख पाहा. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली दहा दिवसांत उभी केली आणि तारखेचा भाग जावा या दुसऱ्या भाषेकडून जवळजवळ जसाच्या तसा उचलला. त्यात महिने शून्यापासून मोजतात: जानेवारी ०, डिसेंबर ११. वार शून्यापासून: रविवार ०. तारीख मात्र १ पासून. 'गेट-डे' म्हटलं की वार मिळतो, तारीख हवी तर 'गेट-डेट' म्हणायचं. वर्ष विचारण्याची जुनी हाक 'गेट-इयर'. ती १९०० वजा करून उत्तर द्यायची, आणि म्हणून २००० साल उजाडलं तेव्हा कित्येक वेबपानांवर साल झळकलं ते १९१००.

आता ३१ जानेवारी लिहायची आहे आणि माणसानं साध्या बुद्धीनं महिना १ लिहिला. यंत्राला तो फेब्रुवारी. फेब्रुवारीला ३१ तारीख नाही, मग यंत्र कुरकुर न करता पुढे मोजत जातं आणि मार्चमध्ये पोहोचतं. चूक झाल्याचा संदेश नाही, लाल अक्षरं नाहीत. कुणाच्या तरी विम्याचा हप्ता, कुणाची तरी परीक्षेची तारीख महिनाभर सरकते आणि कोडला काही झालेलं नसतं. जावानं स्वतःचा हा गोंधळ निस्तरला: १९९७ मध्येच त्यातल्या बहुतेक हाका टाळाव्यात असं जाहीर केलं, आणि २०१४ साली जावा ८ मध्ये तारखेची पूर्ण नवी मांडणी आणली, जिथे जानेवारी १ आहे. जावास्क्रिप्टच्या जुन्या तारखेत जानेवारी आजही शून्यच आहे. तो बदलता येत नाही, कारण जगभरची पानं त्या शून्यावर उभी आहेत.

यात शून्याचा काही दोष नाही, आणि ग्वाल्हेरकरानं तर शून्याला नावं ठेवूच नयेत. आपल्या किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे. त्यात विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या बागेची लांबी २७० हात, आणि रोजच्या ५० माळा. दोन्ही आकड्यांत शून्य आहे, छोटं, गोल, आजच्यासारखंच. आणि दोन्ही ठिकाणी ते एकच काम करतं. साडेअकराशे वर्षांपूर्वीच्या त्या पाथरवटानं एका ओळीत एक आणि दुसऱ्या ओळीत दुसरा नियम वापरला असता, तर आज तो आकडा कुणाला वाचता आला असता? शून्यापासून मोजा, एकापासून मोजा. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रांनी १९८२ साली शून्यापासून का मोजावं यावर एक सुंदर टिपण लिहिलं, ते वाचा आणि पटलं तर पाळा. पण एकाच वस्तूत महिना शून्यापासून आणि तारीख एकापासून मोजू नका.

पीएचपी या भाषेची गोष्ट प्रोग्रॅमर मंडळींना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. 'इजसेट' एकत्र लिहायचं, 'इज_नल' मध्ये अंडरस्कोर. 'स्ट्रपॉस' जोडून, 'स्ट्र_रिप्लेस' तोडून. मजकुरात शब्द शोधताना आधी मजकूर द्यायचा मग शब्द. यादीत वस्तू शोधताना आधी वस्तू मग यादी. 'अॅरे_मॅप'ला आधी फंक्शन, 'अॅरे_फिल्टर'ला आधी अॅरे. निर्माते रासमुस लेर्डॉर्फ यांनी नंतर सांगितलं, की अगदी सुरुवातीला फंक्शनं शोधण्याची आतली युक्ती नावाच्या अक्षरसंख्येवर चालायची, म्हणून नावं लांबीनं वेगवेगळी असावीत अशी निवडली गेली. म्हणजे त्या क्षणीच्या यंत्राच्या सोयीसाठी ठेवलेलं नाव पुढे कित्येक वर्षं माणसांनी पाठ केलं. यंत्राची ती युक्ती केव्हाच गेली. नावं आहेत.

आणि जावा चांगली म्हणून मिरवायला जाल तर पहिल्याच प्रॅक्टिकलला अडखळाल. अॅरेची लांबी 'लेंग्थ', कंसाशिवाय. स्ट्रिंगची लांबी 'लेंग्थ', कंसासकट. लिस्टची लांबी 'साइझ'. एकच प्रश्न, तीन तऱ्हांनी विचारायचा. पहिल्या वर्षाच्या मुलांना यात स्वतःचीच अक्कल कमी वाटते. मुलांनो, तुमची अक्कल शाबूत आहे. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी तुमचा विचार केला नव्हता.

चांगला इंटरफेस कसा असतो ते बघायला मी पुन्हा भातखंड्यांकडेच जातो. त्यांच्या पठडीतल्या पुस्तकात कोणताही राग काढा. थाट कोणता, आरोह-अवरोह काय, जाती कोणती, वादी-संवादी कोणते, गायनसमय कोणता, पकड कोणती. यमन असो की मुलतानी, हीच खाती. ज्यानं एका रागाचं पान वाचलं त्याला शंभरावं पान कसं वाचायचं ते येतं. त्यांच्याआधी एकेक राग म्हणजे एकेका घराण्याचा एकेक स्वभाव होता. कुणी पकड सांगायचं, कुणी नुसती बंदिश शिकवायचं, कुणी काहीच सांगायचं नाही. भातखंड्यांनी सगळ्या रागांना एकाच तऱ्हेचे प्रश्न विचारले. वकील होते ते. साक्षीदार बदलला तरी उलटतपासणी बदलायची नाही, ही शिस्त त्यांच्यात होती असं मला नेहमी वाटतं.

काही रागांची उत्तरं त्या खात्यांत नीट बसत नाहीत, हे खरं आहे. मधुवंतीत गंधार कोमल आणि मध्यम तीव्र, बाकी शुद्ध. दहांतल्या कोणत्याही थाटात ती बसत नाही. अहिर भैरवातला कोमल निषाद भैरव थाटात नाही, तरी तो त्याच थाटाखाली मांडतात. पण नियम एकसारखा असल्यामुळेच अपवाद अपवाद म्हणून दिसतो. नियमच नसता तर मधुवंतीचं वेगळेपण कुणाच्या लक्षात आलं असतं?

भातखंड्यांची चूक काढायची तर ती दुसरीकडे आहे, आणि ती अस्सल नावाची चूक आहे. दहा थाट: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. ही सगळी रागांची नावं आहेत. थाट म्हणजे सात स्वरांचा साचा, तो गात नाहीत. राग गातात. दोन वेगळ्या जातीच्या वस्तू आणि नाव एकच. मारवा घ्या. मारवा रागात पंचम वर्ज्य. मारवा थाटात पंचम आहे, कारण थाटाला सातही स्वर लागतात. मग 'मारव्यात पंचम आहे का?' या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं? परीक्षेत याच प्रश्नावर मुलं गडबडतात आणि परीक्षक त्यांनाच दोष देतात. प्रोग्रॅमर मंडळींना हे लगेच कळेल: क्लासचं आणि त्याच्या एका ऑब्जेक्टचं नाव अक्षरशः एकच ठेवलं, आणि दोघांचं वागणं वेगळं.

आसावरीचं तर त्याहून पुढचं. ग्वाल्हेरची आसावरी शुद्ध ऋषभाची, म्हणून ती आसावरी थाटात चपखल बसते. पण दुसऱ्या परंपरांत आसावरी कोमल ऋषभानं गातात, आणि त्या स्वरांचा हिशोब केला तर ती भैरवी थाटात जाते. आसावरी नावाचा राग, जो आसावरी थाटात नाही! गवयांनी यावर तोडगा काढला तो कोणत्याही समजदार लायब्ररीकारानं काढावा असा: 'कोमल ऋषभ आसावरी' असं पूर्ण नाव घ्यायचं. जुनी हाक मोडली नाही, नव्या हाकेत फरक स्पष्ट सांगितला. मैफिलीत निवेदक हे पूर्ण नाव घेतो तेव्हा मला त्याचं फार बरं वाटतं.

दक्षिणेकडे बघा. व्यंकटमखींनी सतराव्या शतकात बहात्तर मेळांची मांडणी केली आणि पुढे त्या मेळांना जी नावं रूढ झाली त्यांत आकडाच विणलेला आहे. कटपयादी नावाच्या पद्धतीत प्रत्येक व्यंजनाला अंक असतो. नावाची पहिली दोन अक्षरं घ्यायची, त्यांचे अंक उलटे लिहायचे, मेळाचा क्रमांक तयार. मायामाळवगौळ: म म्हणजे ५, य म्हणजे १, उलटवलं की १५. खरहरप्रिया: २ आणि २, म्हणून २२. शंकराभरण हे जुनं, लाडकं नाव. ते हिशोबात बसावं म्हणून त्याच्या आधी 'धीर' जोडलं: ध ९, र २, उलटवून २९. कल्याणीला 'मेच' जोडून ६५. आणि क्रमांक कळला की मेळाचे सातही स्वर मांडता येतात. नावातून वस्तू बांधता येते! इतकं काटेकोर नामकरण मला आजच्या एकाही सॉफ्टवेअर लायब्ररीत दिसलेलं नाही. भातखंडे १९०४ साली दक्षिणेत हिंडले, तिथले ग्रंथ त्यांनी अभ्यासले. बहात्तरांचा तो आराखडा त्यांना ठाऊक होता. उत्तरेच्या रागांसाठी त्यांनी दहाच निवडले. बहात्तर पूर्ण आहेत, पण विद्यार्थ्याला जड. दहा अपुरे आहेत, पण बोटांवर मोजता येतात. इथे मी भातखंड्यांच्या बाजूचा आहे. फक्त त्या दहांना त्यांनी रागांहून वेगळी नावं द्यायला हवी होती.

उत्तर-दक्षिणेत आणखी एक खड्डा आहे, आणि दोन्हीकडचे कलाकार एकत्र बसले की कुणी ना कुणी त्यात पडतो. आपण 'शुद्ध ऋषभ' म्हणतो तो बिलावलमधला. कर्नाटक संगीतात 'शुद्ध ऋषभ' म्हणजे आपला कोमल. 'शुद्ध धैवत' म्हणजेही आपला कोमल. 'शुद्ध मध्यम' मात्र दोन्हीकडे तोच! तिन्ही शब्द वेगळे असते तर माणूस सावध राहिला असता. एक जुळतो, म्हणून बाकीचे दोनही जुळत असतील असं धरून तो पुढे जातो. एखादी लायब्ररी दुसऱ्या लोकप्रिय लायब्ररीची अर्धीच नावं उचलते आणि अर्ध्यांचे अर्थ बदलते, तेव्हा ती हेच करते. अनुकरण करायचं तर पूर्ण करा. नाहीतर नावं नवी घ्या.

एवढं वाचून कुणी म्हणेल, चुकीचं नाव दिसलं की बदलून टाका. नाही. बाहेर गेलेलं नाव ठेवणाऱ्याचं राहत नाही, वापरणाऱ्याचं होतं. आपल्यापासून शंभर किलोमीटरवरच्या झाशी स्टेशनचं २०२१ च्या अखेरीस नाव बदललं. राणी लक्ष्मीबाईंचं नाव स्टेशनला मिळालं. राणीची समाधी आपल्या फूलबागेत आहे, त्या नावाचा मान या शहराला कुणी शिकवायला नको. पण नावासोबत स्टेशनचा कोडही बदलला. 'जेएचएस' गेलं आणि 'व्हीजीएल'नं सुरू होणारी चार अक्षरं आली. पाटीवर काय लिहायचं ते माणसांसाठी. कोड कशासाठी असतो? तिकिटाच्या यंत्रासाठी, वेळापत्रकाच्या टेबलासाठी, पार्सलच्या चिठ्ठीसाठी, रेल्वेची माहिती वापरणाऱ्या असंख्य अॅपसाठी. पाटी बदलली तरी कोड तोच राहावा, यासाठीच तर पाटी आणि कोड वेगळे असतात. राणीचा मान पाटीवर, तिकिटावर, घोषणेत शंभर टक्के राहिला असता आणि 'जेएचएस' मुकाट्यानं आपलं काम करत राहिलं असतं. मुंबईत २०१७ साली टर्मिनसच्या नावात 'महाराज' आलं, योग्यच झालं. पण 'सीएसटीएम'चं 'सीएसएमटी' झालं आणि शेवटच्या दोन अक्षरांची अदलाबदल लाखोंच्या बोटांना नव्यानं शिकावी लागली. मुलांनो, डेटाबेस आखताना हे दोन स्तंभ वेगळे ठेवा: दाखवायचं नाव आणि ओळखायचा कोड. पहिला हवा तेव्हा बदला, दुसऱ्याला हात लावू नका.

गावांच्या बाबतीत सरकारनं हे शहाणपण दाखवलं आहे. पंचायती राज मंत्रालयाची स्थानिक शासन निर्देशिका प्रत्येक गावाला, प्रत्येक ग्रामपंचायतीला एक आकडी कोड देते. गावाचं नाव रोमन अक्षरांत कुणी कसंही लिहो, आकडा एकच. तरीही मुलांचे प्रोजेक्ट बघतो तर गावाच्या नावावर टेबलं जोडलेली. 'गाव' या शब्दालाच एका फाइलमध्ये शेवटी व्ही, दुसरीत डब्ल्यू, तिसरीत हिंदी उच्चारानं ओ आणि एन. चार जणांच्या गटात चौघांचे चार नियम, आणि प्रोजेक्ट चालत का नाही म्हणून रात्रभर जागरण.

चूक पाळायची कशी याचंही एक उदाहरण जगापुढे आहे. वेबवर तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की ब्राउझर आधीच्या पानाचा पत्ता सोबत पाठवतो. त्या खात्याचं नाव 'रेफरर'; पण मूळ प्रस्तावातच स्पेलिंगमधला एक आर गळला, आणि १९९६ च्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात तसाच छापला गेला. तो आजही गळलेलाच आहे. इथवर मला काहीच हरकत नाही. ते चुकीचं स्पेलिंगच आता त्याचं खरं नाव आहे. हरकत आहे ती पुढच्या गोष्टीला. पुढे त्याच कुळातलं एक नवं खातं आलं, 'रेफरर-पॉलिसी', आणि त्याचं स्पेलिंग बरोबर, दोन आर घालून! आता एकाच घरात एक भाऊ एका आरचा, दुसरा दोन आरचा, आणि कुठे कोणता ते प्रत्येक प्रोग्रॅमरनं लक्षात ठेवायचं. शुद्धलेखनाचं मला प्रेम आहे. पण इथे मी अशुद्धाच्या बाजूनं उभा राहिलो असतो. कुळानं एकदा एक आर घेतला, तर सगळ्यांनी एकच घ्यावा.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टममधल्या 'क्रिएट' या हाकेतही शेवटचा ई नाही. काय वेगळं केलं असतं असं विचारल्यावर केन थॉम्पसन यांनी तो ई घातला असता असं उत्तर दिलं. ज्यानं युनिक्स घडवलं त्याला इतक्या वर्षांनंतर एक अक्षर आठवतं, यावरून अक्षराची किंमत समजून घ्या.

बदल करायचाच असेल तर पायथनच्या मंडळींसारखा करा. त्यांच्या चाचणीच्या लायब्ररीत 'असर्टइक्वल' आणि 'असर्टइक्वल्स' अशा एकाच कामाच्या दोन हाका होत्या. दुसरी नको असं त्यांनी ठरवलं, लिहून जाहीर केलं, वापरली की सूचना दाखवली, आणि दहा वर्षांहून अधिक काळ ती चालू ठेवली. २०२३ च्या ३.१२ मध्ये ती काढली. एका 'एस'साठी दहा वर्षांहून जास्त सौजन्य! इतका धीर आपल्याकडे कुणी दाखवताना मी बघितलेला नाही. इथे शुक्रवारी संध्याकाळी नाव बदलतात आणि सोमवारी सगळ्यांचं मोडतं.

अलीकडे नवीन सबब ऐकू येते: आता कोड यंत्रच लिहून देतं, नावं पाठ कुणाला करायची आहेत? पण ते यंत्रही नावावरूनच अंदाज बांधतं. महिना म्हटल्यावर १ म्हणजे जानेवारी, हा अंदाज तेही बांधणार आणि तेही तुमच्यासारखंच मार्चमध्ये पोहोचणार. एकसारखी नावं असतील तर त्याचा अंदाज बरोबर येईल, विस्कळीत असतील तर ते आत्मविश्वासानं चुकेल, आणि ती चूक वाचून काढायला शेवटी माणूसच बसेल.

माझी तक्रार मुलांपेक्षा शिकवणाऱ्यांवर आहे. प्रॅक्टिकलच्या फाइलमध्ये 'ए', 'बी', 'टेम्प', 'टेम्प टू', 'डेटा न्यू', 'डेटा न्यू फायनल' अशी नावं असतात आणि शेजारी लाल शाईत टिक असते. व्हायवात विचारतात, क्विकसॉर्टची कॉम्प्लेक्सिटी सांग. हे नाव का ठेवलंस, असं कुणी विचारत नाही. आउटपुट आलं, सही झाली. मग हीच मुलं इंदूरला, पुण्याला, बंगळुरूला नोकरीला लागतात आणि दुसऱ्यांनी वापरायचा कोड लिहितात. एका मुलानं एका दुपारी ठेवलेलं नाव पाचशे माणसं दहा वर्षं टाइप करतात. त्या दुपारी त्याच्या शेजारी उभं राहून कुणीतरी पाच मिनिटं वाद घालायला हवा होता.

संगीताच्या शाळांकडेही मागणं आहे. पुस्तकाच्या प्रस्तावनेत चिन्हांची यादी देऊन भागत नाही, कारण मुलं बंदिशीची झेरॉक्स घेतात, प्रस्तावनेची नाही. आता तर मोबाइलवर फोटो फिरतो. प्रत्येक बंदिशीच्या वर, रागाच्या आणि तालाच्या नावाशेजारी, पद्धतीचं नाव छापा. प्रत्येक पानाला एका ओळीचा खर्च.

आणि संगणकाच्या प्राध्यापकांनी पुढच्या सत्रात एक प्रॅक्टिकल असं घ्यावं. मुलांच्या जोड्या लावा. एकानं छोटी लायब्ररी लिहायची: तारखांची, पत्त्यांची, किंवा ज्याला गाणं येतं त्यानं रागांची. दुसऱ्याच्या हातात फक्त नावांची आणि पॅरामीटरची यादी द्यायची, आतला कोड दाखवायचा नाही, तोंडी समजावून सांगायचं नाही. त्यानं प्रत्येक फंक्शनपुढे लिहायचं की हे काय करत असेल, काय परत देत असेल, पहिला आकडा शून्य असेल की एक. मग कोड उघडायचा आणि ताडून बघायचं. जिथे अंदाज चुकला तिथे मार्क कापायचे, आणि ते वाचणाऱ्याचे कापायचे नाहीत, लिहिणाऱ्याचे कापायचे.